तारे पुसू नका, मोजा!

मंडळी, आजचा लेख जरा तिखट आहे, आधीच सांगून ठेवतो. निळ्या-नारिंगी तेजोमेघांचे फोटो पाहून "कडक!" म्हणायची सवय असेल, तर शेवटापर्यंत पोहोचताना माझा राग येण्याची दाट शक्यता आहे. येऊ दे. वीकेंड आहे, चहा घ्या आणि निवांत भांडा.

तर मुद्दा असा. आपल्या जमातीत (म्हणजे आठवडाभर कोड लिहायचा आणि शनिवार-रविवारी आपण अजून माणूस आहोत हे स्वतःला पटवून द्यायचं, ती जमात) सध्या आकाशाचे फोटो काढायचं वेड जोरात आहे. चांगलंच आहे. छोटी दुर्बीण, फिरता माउंट आणि सेन्सर थंड करणारा कूल्ड कॅमेरा. त्यातला कॅमेराच एकटा लाखाच्या घरात जातो. अप्रेझल झालं की लोक आधी गाडी बघायचे, आता कॅमेऱ्याची स्पेक्स बघतात.

आणि एवढं सगळं झाल्यावर फॅशन काय? फोटोतले तारे पुसून टाकायचे!

थट्टा नाही करत. न्यूरल नेटवर्कवर चालणारी सॉफ्टवेअर्स आहेत, बटण दाबलं की फोटोतले सगळे तारे गायब. मागे उरतो नुसता मेघ, मऊ मऊ, कापूस पिंजल्यासारखा. त्याला म्हणायचं 'स्टारलेस'. लग्नाच्या फोटोतून नवरा-नवरी पुसून नुसता मांडव फ्रेम करून लावावा, तसा हा प्रकार. काही जण तारे वेगळे काढतात, मेघावर काम करतात आणि तारे परत जागेवर ठेवतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते तारे म्हणजे फोटोतला कचरा असं समजणाऱ्यांशी.

गंमत बघा. माउंट रात्रभर नेमका फिरत राहतो तो एका ताऱ्यावर नजर ठेवून. फोकस लावतो तो ताऱ्याचा ठिपका सगळ्यात बारीक होईपर्यंत. दुर्बीण कुठे बघतेय हे कॉम्प्युटर ओळखतो ते ताऱ्यांची नक्षी जुळवून. फोटोतले रंग बरोबर आहेत का हे आजची सॉफ्टवेअर्स तपासतात तेसुद्धा गाया उपग्रहाने नोंदलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांवरून. म्हणजे अख्खा फोटो ज्यांच्या जिवावर उभा राहिला, काम झाल्यावर त्यांनाच गेटबाहेर. हा न्याय आपल्याला ऑफिसात झेपत नाही, मग आकाशात कसा चालतो?

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: कूल्ड कॅमेरा हे मोजायचं यंत्र आहे, आणि तारकागुच्छ हा त्या यंत्राचा अस्सल विषय आहे. सजवायचं ते नंतर सजवा. आधी मोजा.

आता कॅमेरा थंड कशाला करायचा, ते बघू. सेन्सरवर अजिबात प्रकाश पडत नसला तरी नुसत्या उष्णतेमुळे त्यात इलेक्ट्रॉन जमत राहतात. हा डार्क करंट. तापमान साधारण ६-७ अंशांनी उतरलं की तो निम्मा होतो. पुण्यात एप्रिलच्या रात्री हवा ३० अंशांवर असते. कॅमेऱ्यातला पेल्टिए कूलर सेन्सरला हवेपेक्षा ३०-३५ अंशांनी खाली नेतो, म्हणजे शून्याखाली ५ पर्यंत. ३५ अंश म्हणजे पाच वेळा निम्मं, म्हणजे डार्क करंट सुमारे बत्तिसाव्या हिश्शावर. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, कारण जाहिरातीत तेवढंच लिहिलेलं असतं.

जाहिरातीत ठळकपणे लिहीत नाहीत अशा दोन गोष्टी आहेत.

पहिली: थंड केल्याने शहराचं आकाश काळं होत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांचा जो प्रकाश धुळीवरून उसळून दुर्बिणीत शिरतो, त्याचा नॉइज सेन्सर कितीही गोठवला तरी तिथेच राहतो. गच्चीवरून फोटो काढणाऱ्याचा खरा शत्रू तोच. सेन्सरची उष्णता त्याच्यापुढे किरकोळ.

दुसरी, आणि जास्त महत्त्वाची: कूलिंगचा खरा फायदा थंडपणात नाही, स्थिरपणात आहे. सेन्सर शून्याखाली ५ वर ठेव म्हटलं की तो रात्रभर तिथेच राहतो. नोव्हेंबरातही तिथेच आणि एप्रिलातही तिथेच. म्हणजे त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाच्या डार्क फ्रेम एकदा काढून ठेवल्या की पुढे कित्येक महिने त्या वजा करता येतात. आज घेतलेला आकडा आणि पुढच्या वर्षी घेतलेला आकडा शेजारी शेजारी ठेवता येतो. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सर तासाभरात तापतो, त्यामुळे हे करणं अवघड. आपण जे जास्तीचे पैसे मोजले ते या स्थिरपणाचे. आपण तराजू विकत घेतलाय, आणि वापरतोय पेपरवेट म्हणून.

आता तारकागुच्छच का? तेजोमेघ पसरट असतो, शहराचा उजेडही पसरट असतो, दोघे एकमेकांत मिसळतात. तारा मात्र ठिपका. त्याचा सगळा प्रकाश मोजक्या पिक्सेलांत एकवटतो, आणि मागचा उजेड सगळ्या सेन्सरवर पसरतो. म्हणून ज्या गच्चीवरून तेजोमेघ धड दिसत नाही, तिथून तारकागुच्छ व्यवस्थित मिळतो. "शहरातून काही होत नाही रे, लडाखलाच जायला पाहिजे" म्हणत कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांसाठी हे खास. हानले सुंदरच आहे, जरूर जा. पण वर्षातल्या बाकीच्या रात्री काय करणार?

आणि गुच्छांची आपल्याकडे चैन आहे. हिवाळ्यात कृत्तिका, म्हणजे एम ४५. आजीला विचारलंत तरी ती बोट दाखवेल. शेजारी रोहिणीच्या मागे पसरलेला व्ही आकाराचा हायडीस. (रोहिणी स्वतः त्या गुच्छात नाही, ती त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर मध्येच उभी आहे.) फेब्रुवारी-मार्चमध्ये कर्क राशीत एम ४४ आणि एम ६७. उन्हाळ्यात शौरी तारकासमूहातला एम १३. आणि मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडे ओमेगा सेंटॉरी, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा बंदिस्त गुच्छ. पुण्यातून तो क्षितिजापासून सुमारे २४ अंश वर येतो. लंडनमध्ये तो कधी उगवतच नाही. ज्यांचे फोटो बघून आपण जळतो, त्यातल्या निम्म्या लोकांना तो घरातून कधीच दिसणार नाही. आणि आपण काय करतोय? सगळं जग काढतं तोच तेजोमेघ, त्याच फिल्टरने, त्याच रंगात.

"पण गुच्छ बोअर असतात यार, नुसते ठिपके. सगळे सारखेच दिसतात." हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याला सविस्तर उत्तर देतो.

सारखे दिसतात, कारण तुम्ही फक्त बघताय. मोजून बघा, मग सांगा.

एका गुच्छातले सगळे तारे एकाच मेघातून, साधारण एकाच वेळी जन्मलेले असतात आणि आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. म्हणून जो तारा जास्त तेजस्वी दिसतो तो खरोखरच जास्त तेजस्वी असतो. आता प्रत्येक ताऱ्याचा रंग आडव्या अक्षावर आणि तेज उभ्या अक्षावर मांडा. जड तारे निळे, झगझगीत आणि उधळे, इंधन लवकर संपवतात. हलके तारे लालसर, मंद आणि काटकसरी. त्यामुळे गुच्छाचं वय वाढतं तशी आलेखातली निळी टोकाची बाजू झडत जाते, आणि जिथून ताऱ्यांची रांग लाल राक्षसी ताऱ्यांकडे वळते त्या वळणावरून वय वाचता येतं. १९११ साली हर्ट्झस्प्रुंगने असे आलेख छापले ते कृत्तिका आणि हायडीसचेच. शंभर वर्षांहून जास्त काळ खगोलशास्त्र ज्या आलेखावर उभं आहे, तो आपल्या आजीला माहीत असलेल्या नक्षत्रांवरून निघालाय!

कृत्तिकांचा आलेख काढलात तर निळी बाजू जवळजवळ शाबूत दिसते. वय दहा-बारा कोटी वर्षं, म्हणजे आकाशाच्या हिशोबात फ्रेशर. एम ६७ चा काढलात तर निळी बाजू साफ, आणि तेराव्या प्रतीच्या आसपास ठळक वळण. वय सुमारे ४०० कोटी वर्षं, आपल्या सूर्यापेक्षा थोडंसंच कमी. फोटोत दोन्ही म्हणजे "नुसते ठिपके". आलेखात एक कॉलेजकुमार आणि एक पेन्शनर.

आणि त्या वळणाच्या वर, डावीकडे, काही आगाऊ निळे तारे सापडतात, जे तिथे असायलाच नकोत. त्या वयाच्या गुच्छात एवढे निळे तारे कधीच संपायला हवे होते. १९५३ मध्ये सँडेजने एम ३ या गुच्छात ते दाखवले, आणि त्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात. शेजारच्या ताऱ्याचं इंधन ओढून किंवा त्याच्यात विलीन होऊन ते पुन्हा तरुण झालेले असतात. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीने २०१६ मध्ये एनजीसी १८८ या म्हाताऱ्या गुच्छातल्या अशाच एका ताऱ्याचा तापलेला जोडीदार शोधून दाखवला. भारतीय उपग्रहाने ज्या जातीच्या ताऱ्याचं कोडं सोडवायला हात लावला, त्याच जातीचे तारे एम ६७ च्या तुमच्या फोटोत असतात. तुम्ही ते पुसता.

हे जमणार नाही असं म्हणू नका, कारण यातलं अवघड काहीच नाही. आठवडाभर आपण लॉग फाइलींतून आलेखच काढत असतो. मी स्वतः हे एका साध्या ८० मिलिमीटर दुर्बिणीने, सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून करतो. मार्चमध्ये एम ६७ पुण्यातून जवळपास डोक्यावर येतो. मिनिटभराच्या साठ फ्रेम घ्यायच्या. डार्क वजा करायच्या, फ्लॅटने भागायचं, फ्रेम एकमेकींवर बसवायच्या. मग (आणि हे महत्त्वाचं) फोटो उजळायच्या आधी, आकडे सरळ प्रमाणात असतानाच, प्रत्येक ताऱ्याभोवती वर्तुळ काढून प्रकाश मोजायचा. निळ्या आणि हिरव्या चॅनेलमधला फरक म्हणजे रंग. पायथॉनमध्ये याची फुकट लायब्ररी आहे. रविवार दुपारपर्यंत आलेख हातात. गायाच्या आकड्यांइतका नेटका येत नाही, पण वळण स्पष्ट दिसतं. आपल्या गच्चीवरून ४०० कोटी वर्षं मोजली, ही नशा कुठल्याही 'कडक!' पेक्षा भारी आहे.

कृत्तिकांना थोडी जास्त अक्कल लागते. त्यांच्यातली सगळ्यात तेजस्वी अल्सायनी आणि त्यांच्यातला तेराव्या प्रतीचा तारा यांच्यात दहा प्रतींचा, म्हणजे प्रकाशात दहा हजार पटींचा फरक. चौदा बिटांच्या कॅमेऱ्यात पायऱ्या आहेत १६,३८४. एकाच एक्स्पोजरमध्ये दोघांना बसवायला गेलात की एक तर अल्सायनी फुटते किंवा मंद तारा बुडतो. म्हणून दोन-पाच सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या आणि मिनिटभराच्या वेगळ्या. पण बहुतेक जण काय करतात? कृत्तिकांभोवतीचा निळा धूसर मेघ ताणता येईल तेवढा ताणतात, ताऱ्यांचे पांढरे गोळे करतात आणि मग ते गोळे नकोत म्हणून छोटे करतात किंवा पुसतात. तो मेघ तर कृत्तिकांच्या घरचाही नाही. तो वाटेत भेटलेला धुळीचा ढग आहे. पाहुण्यासाठी घरच्यांना बाहेर काढणं म्हणतात ते हेच.

"पण गायाने सगळं मोजलंय की! आपल्या आकड्यांना कोण विचारतो?" हा दुसरा आक्षेप. गायाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची यादी केली आणि ती सगळ्यांना फुकट दिली, त्याबद्दल दंडवत. पण जानेवारी २०२५ मध्ये गायाचं निरीक्षण थांबलं. तारे काही थांबलेले नाहीत. गायाची यादी ही आपल्या हातातली पट्टी आहे. पट्टी मिळाली म्हणून मोजणं बंद करायचं का? उलट आता तर सुरू करायला हवं. बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी हौशी लोकांकडून घेणारी एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून चालू आहे आणि आपल्यासारख्यांच्या कॅमेऱ्यातले आकडेही घेते.

तिसरा आक्षेप सगळ्यात गोड असतो. "अरे छंद आहे, फोटो सुंदर दिसला की झालं. तुला काय त्रास?"

त्रास आहे, सांगतो. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो नावाचा हौशी माणूस आपल्या घराच्या छपरावरून नवा कॅमेरा तपासत होता. एनजीसी ६१३ या दीर्घिकेच्या तो छोट्या छोट्या फ्रेम घेत होता. त्या फ्रेममध्ये एक ठिपका नव्याने उगवला आणि बघता बघता उजळत गेला. तो सुपरनोव्हाचा अगदी पहिला प्रकाश होता, आणि २०१८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध नेचरमध्ये आला. विचार करा, त्याने त्या रात्री सगळ्या फ्रेमची एक मऊ चादर करून 'जादा ठिपके' पुसून टाकले असते तर? सॉफ्टवेअरला नवा तारा आणि जुना तारा यातला फरक कळत नाही. त्याला फक्त ठिपका कळतो, आणि ठिपका पुसायचं काम त्याला दिलंय.

दुसरा त्रास घराजवळचा आहे, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्यासाठीच लिहितोय. आपण तारे पुसतो तसाच आणखी एक पुरावा पुसतो. फोटोच्या एका कोपऱ्यातून शहराचा उजेड चढत आलेला असतो. एक क्लिक, ग्रेडियंट गायब! फोटो हानलेचा वाटतो, काढलेला असतो वाकडहून. वर आपणच अभिमानाने लिहितो, "शहरातून काढला, तरी बघा." म्हणजे उजेडाने आपलं काही बिघडत नाही, असं प्रमाणपत्र आपणच देऊन टाकलं. उद्या नगरपालिकेकडे दिव्यांना वरून झाकणं लावा म्हणून अर्ज घेऊन गेलात, तर साहेब तुमचाच फोटो काढून दाखवतील. :-)

२०११ ते २०२२ मध्ये जगभरच्या हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे बघून ५१ हजारांवर नोंदी केल्या. त्यावरून २०२३ मध्ये निष्कर्ष आला की आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्के उजळतंय. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. उपग्रहांना ही वाढ एवढी दिसली नव्हती. एक कारण हे की ज्या उपग्रहावरून रात्रीचा उजेड मोजतात त्याला निळा प्रकाश नीट दिसत नाही, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो. आपल्या रंगीत कॅमेऱ्याला निळा दिसतो की! गुच्छातल्या ताऱ्यांचं तेज यादीत लिहिलेलं आहे. त्याच्याशी मागच्या आकाशाची तुलना केली की आकाश किती उजळ आहे याचा आकडा निघतो. दरवर्षी तोच गुच्छ, तीच गच्ची, तेवढीच उंची, सेन्सरचं तेच तापमान. पाच वर्षांत पाच आकडे. कुणाच्याही टेबलावर ठेवता येतील असे.

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आपल्याच महाराष्ट्रात, छाती फुगावी अशी गोष्ट. पण असा काळोख जपायचा, तर तो किती होता आणि किती उरला हे कुणीतरी मोजत राहायला हवं. तिथे वनखातं आहे. आपल्या वस्तीवर कोण मोजणार? ज्यांच्याकडे लाखाचा तराजू आहे तेच ना?

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, कच्च्या फ्रेम, डार्क आणि फ्लॅट जपून ठेवा. हार्ड डिस्क कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आहे. दोन, न्यूरल नेटवर्क वापरलं असेल तर फोटोखाली तसं लिहा. तारे पुसले असतील तर त्याला चित्र म्हणा, चांगलं असेल तर मीही दाद देईन. तीन, फोटो स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी सोबत एक न सजवलेली फ्रेम मागावी, बघा किती गर्दी पांगते ती. चार, दर ऋतूत किमान एक तारकागुच्छ आधी मोजा आणि मग हवा तेवढा सजवा. आकाशाच्या उजळपणाचा आकडा त्यातूनच फुकट मिळतो.

आपण सगळे रोज ऑफिसात एकमेकांना सांगत असतो की डेटा असेल तर बोल. मग शनिवारी रात्री गच्चीवर चढताना ते वाक्य खालीच का ठेवून येतो?

असो. ढग नसतील तर आज रात्री कुठला गुच्छ वर आहे ते बघा. आलेख काढलात तर मला पाठवा. स्टारलेस पाठवू नका, उत्तर मिळणार नाही.